वच्छलाबाईनं माता दवाखान्यात नेली

सौंदडला कोणाच्या लेकराच्या अंगावर दाणे उठले की पहिलं बोलावणं वच्छलाबाईला. मग बाई धान निंदत असो की जेवायला बसलेली असो, हात धुऊन निघायची. लेकराचा सदरा वर करायची, पाठ बघायची, मान हलवायची आणि म्हणायची, "माता हाय." म्हणजे देवी अंगावर आली. झालं. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागायचा, घरातली फोडणी बंद, बाहेरच्या माणसाला उंबरा बंद, औषध-गोळी बंद. औषधानं देवी रागावते, हे तिला तिच्या सासूनं सांगितलं होतं आणि सासूला तिच्या सासूनं. संध्याकाळी वच्छलाबाई लेकराच्या उशाशी बसून देवीची गाणी म्हणायची. आवाज असा गोड की लेकरू गाण्यानंच अर्धं बरं व्हायचं.

एकदा तर दरेकसा गावच्या एका लग्नात तिनं चक्क नवरदेवाला झोपवलं होतं. भर उन्हाळ्यात पोरानं जाड सूट चढवला, गळ्यापासून पोटापर्यंत घामोळ्या उठल्या. वच्छलाबाईनं बटण उघडून पाहिलं आणि वऱ्हाड थांबवलं. नवरदेव लिंबाच्या पाल्यावर उघडा पडलेला, नवरी मांडवात ताटकळलेली. अंगाला वारा लागला तशा घामोळ्या बसल्या आणि लग्न लागलं. तिचा नवरा चुन्नीलाल अजून म्हणतो, "माता नाही, दर्जी आला होता त्याच्या अंगात." पण ते तिच्या पाठीमागे. समोर म्हणायची त्याची छाती नाही.

तर अशा या वच्छलाबाईच्या घरात गेल्या हिवाळ्यात तिची पाच वर्षांची नात रुची कान धरून रडू लागली. ताप चढला, कानातून पू आला. सून दुर्गेश्वरी तिला सडक अर्जुनीच्या डॉक्टरीणबाईकडे घेऊन गेली. बाईंनी अँटिबायोटिकचं पातळ औषध दिलं आणि बजावलं, बरं वाटलं तरी पूर्ण संपवायचं. ताप उतरला, ठणका थांबला, पोरगी अंगणात बकरीच्या मागे धावू लागली. औषध अजून चालूच होतं, तेवढ्यात एका सकाळी आंघोळ घालताना दुर्गेश्वरीला रुचीच्या छातीवर, पाठीवर बारीक गुलाबी ठिपके दिसले.

बोलावणं धाडायची गरजच नव्हती. वच्छलाबाई चुलीपासून उठली, पाठ पाहिली आणि बाटली उचलून वरच्या फळीवर ठेवली.

"आई, औषध संपवायचं हाय ना जी," दुर्गेश्वरी म्हणाली.

"देवी घरात आली अन् तू तिले बाटली दाखवते? राहू दे."

"पण डॉक्टरीणबाई म्हणे..."

"डॉक्टरीणबाईनं किती माता काढल्या? मी अख्ख्या गावाच्या काढल्या."

डहाळा लागला. पोरगी घरात कोंडली गेली. ठिपके काही वाढले नाहीत, खाजलेही नाहीत, पण दोनेक दिवसांत ताप परत आला आणि कान पुन्हा वाहू लागला. दुर्गेश्वरी भांडी जोरजोरात आपटत होती. चुन्नीलाल म्हणाला, "पोरीले दाखवून आणू का?"

"मातेचं लेकरू उंबरा ओलांडत नाही. काऊन विचारता मंग?"

दुपारी रुची ओसरीत भिंतीकडे तोंड करून बाहुली खेळत होती. वच्छलाबाईनं पाठीमागून हाक मारली. पोरीनं वळून पाहिलं नाही. पुन्हा हाक मारली. रुचीनं बाहुलीचा झगा नीट केला आणि खेळत राहिली.

जिच्यासाठी गाणी म्हणायची, तिला ती ऐकूच येत नसतील तर? देवीचा राग एकीकडे, पोरीचा कान एकीकडे. आणि गाव? ज्यांच्या ज्यांच्या दारांना तिनं डहाळा लावला, ते सगळे आज बघणार. मग तिनं रुचीला शालीत गुंडाळून कडेवर घेतलं.

"दुर्गेश्वरी, बाटली घे. चाल."

भर रस्त्यानं निघाल्या. किराणा दुकानात नंदलाल बसला होता. त्याच्या पोराला मागच्या साली हिनंच घरात बसवलं होतं.

"काकी, माता घेऊन कोठं जाऊन राहिल्या?"

"दवाखान्यात. तिलेबी डॉक्टर दाखवून आणते. तू तुही तराजू सांभाळ."

फाट्यावर काळीपिवळी जीप उभी होती, तिघी तीत बसल्या.

डॉक्टरीणबाईंनी ठिपके पाहिले, कानात उजेड टाकला. पुरळ कधी आलं, खाजत होतं का, ओठ-डोळे सुजले होते का, श्वास लागला होता का, सगळं विचारलं.

"आजी, ही माता नाही. गोवर, कांजिण्याही नाहीत. हे औषध घेताना काही लेकरांना असं पुरळ येतं. बहुतेक वेळा साधं असतं, आपोआप जातं. पण ते साधं की धोक्याचं, हे आम्हाला पाहू द्या. औषध कोणी बंद केलं?"

विचारताना त्या दुर्गेश्वरीकडे पाहत होत्या.

"मी केलं," वच्छलाबाई म्हणाली. "तिले नका बोलू."

"बोलत नाही. आणलंत हे चांगलं केलं. पुढच्या वेळी आधी फोन करा. आणि ओठ सुजले, दम लागला, अंगावर पित्तासारख्या खाजऱ्या गांधी उठल्या, तर पुढचा डोस द्यायचा नाही, फोनचीही वाट पाहायची नाही, तडक निघायचं."

बाईंनी औषध बदलून दिलं. कानात पू साचल्यानं ऐकू कमी येत होतं, ते सुधारेल म्हणाल्या. तसं झालंही. महिनाभरात रुची ओसरीतून चुलीजवळची कुजबुज ऐकून चहाड्या करू लागली.

मग डॉक्टरीणबाईंनी तिला पुन्हा बोलावलं. पहिलं औषध हिला चालत नाही असा शिक्का उगाच जन्मभर नको, म्हणून तेच औषध आधी थोडं, मग पूर्ण, आपल्या डोळ्यांसमोर दवाखान्यात देऊन पाहिलं. घरी कोणी असं करायचं नाही, हेही सांगितलं. वच्छलाबाई तेवढा वेळ नातीच्या पाठीवरून नजर काढेना.

"आजी, असं रोखून पाहाल तर पुरळ भीतीनंच येणार नाही," बाई म्हणाल्या.

नाहीच आलं. पुढचे दिवसही कोरे गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी शेजारच्या वस्तीतून रामलाल धावत आला. पोराला खोकल्यासाठी औषध चालू, अंगावर दाणे उठलेले, डहाळा लावून झालेला. वच्छलाबाई गेली. सदरा वर केला, पाठ पाहिली, मग ओठ पाहिले, दम पाहिला. माता आहे की नाही, हे काही ती बोलली नाही.

"पोराले सदरा घाल अन् औषधाची बाटली संग घे."

"अन् देवी?" रामलालनं हळूच विचारलं.

"तिच्यापाशी मी बसते गाणी म्हणत. तू पहिले काळीपिवळी थांबव."