थोरल्याची दाढी

पेशानं तो न्हावी, आणि एकवीस वर्षं गावच्या चर्चच्या मंडळीचा डीकन, म्हणजे सेवक. प्रवचन पाळकांनी करायचं. डीकनाच्या वाट्याला राबायची कामं. आजाऱ्यांची विचारपूस करायची, विधवांना हवं-नको बघायचं, अंथरुणाला खिळलेल्यांना रविवारी प्रभुभोजनाची भाकर घरी नेऊन द्यायची. कात्रीइतकीच त्याची जीभ चालायची. म्हातारी माणसं भाकरीपेक्षा त्याच्या गप्पांचीच वाट बघतात, असं पाळक हसून म्हणत.

एकाच घराची पायरी तो चढत नसे. ते घर त्याच्या सख्ख्या थोरल्या भावाचं.

आई गेली त्या दुपारी तो मंडळीतल्या एका बाईला दवाखान्यात घेऊन गेला होता. आईजवळ थोरला एकटाच. तिनं तीनदा धाकट्याला हाक मारली. दफनाहून परतताना थोरला म्हणाला, "जगाच्या आयांना तू पाणी पाजलंस. आपलीनं तुझी वाट बघत डोळे मिटले."

त्यानंतर नऊ वर्षं दोघांत अबोला होता.

मग थोरल्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. त्याच्याकडे भाकर नेणारा दुसरा डीकन बदली होऊन गेला, आणि ते घर याच्या वाट्याला आलं. बदलून देऊ का, असं पाळकांनी विचारलं. तो नको म्हणाला खरा, पण पहिल्या रविवारी दारावर टकटक करायला त्याला बराच वेळ लागला.

वहिनीनं दार उघडलं आणि बाजूला झाली. थोरल्यानं त्याला पाहिलं मात्र, तोंड घट्ट मिटून घेतलं. भाकर तशीच परत गेली. दुसऱ्या रविवारीही तेच. एवढा बडबड्या माणूस, पण भाकर झाकून नुसताच परतला.

तिसऱ्या रविवारी त्याचं लक्ष थोरल्याच्या वाढलेल्या दाढीकडे गेलं. वहिनीला वस्तरा चालवायची भीती वाटे. तो उठला आणि दुकानातून सामान घेऊन आला. ऊन पाण्यात पिळलेला टॉवेल, साबणाचा फेस, मग वस्तरा. सगळ्या गावाच्या गालांवरून त्याचा हात फिरला होता, भावाच्या नाही. लुळा गाल दोन बोटांनी ताणून धरत तो म्हणाला, "दादा, मी यायला हवं होतं."

थोरल्याच्या डोळ्यातून पाणी ओघळलं. दादा रडतोय असं वाटून यानं वस्तरा थांबवला. पण झटक्यापासून त्या डोळ्याला सारखं पाणी येतं, असं निघताना वहिनीनं दाराशी सांगितलं.

भाकर थोरल्यानं कधीच घेतली नाही. दाढी मात्र पुढचे पाच रविवार करून घेतली. मग एका शुक्रवारी सकाळी थोरला गेला.

शवपेटी बंद करण्याआधी यानं त्याची दाढी केली. गार कातडीवर वस्तरा सरकत नाही, तासभर लागला. बाहेर मंडळीतली माणसं थांबली होती. वहिनी पाण्याचं भांडं धरून शेजारी उभी होती.

"दादानं मला माफ केलं असेल का, वहिनी?"

तिनं भांडं खाली ठेवलं. "खोटं कशाला सांगू, भावजी? मला नाही कळलं."

त्यानं मान हलवली आणि वस्तरा पुसायला घेतला.