बशीर डॉक्टरांची नजर

बशीर डॉक्टर एरवी भलते गप्पिष्ट. पण रुग्णाचा दात सुकवून झाला की कुणाच्या सलामालाही उत्तर देत नसत. शहागंजातल्या त्यांच्या दवाखान्यात मी दंतवैद्य म्हणून रुजू झाले तेव्हा मला ते तुसडेच वाटले. कारण नंतर कळलं. तुटक्या दातावर मसाला चिकटवण्याआधी आम्ल लावून, धुऊन तो सुकवतात. दात खडूसारखा पांढरा होतो. त्या वेळी लाळ लागली तर मसाला नीट धरत नाही.

"लाळ लागली का काम गेलं, बेटा," ते म्हणत. "वरून दिसतंय झ्याक, आतून काहीच नाय. चलो, फिरसे." आणि खरोखर पहिल्यापासून सुरू करत, बाहेर कितीही माणसं ताटकळत असोत.

पैठणच्या एका मुख्याध्यापिका बाईंचा पुढचा दात तुटला होता. दुसऱ्या दिवशी मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन आणि भाषण त्यांचंच. बाईंची जीभ काही जागेवर राहीना. डॉक्टरांनी दोनदा सगळं नव्यानं केलं. तिसऱ्यांदा ते मसाला घ्यायला वळले आणि मी धरलेला कापूस सरकला. दाताला लाळ लागली. मी कंटाळले होते, भूकही लागली होती. हवेच्या नळीनं दात झटकन सुकवला. दिसायला पुन्हा पांढरा. मी गप्प राहिले.

तिसऱ्या दिवशी बाई निखळलेला तुकडा रुमालात घेऊन आल्या. "भर भाषणात पडला हो डॉक्टर! समदी लेकरं हसली. तोंडाला पदर लावून कसंबसं संपवलं बघा."

डॉक्टरांनी तुकडा उजेडात धरला, भिंगातून बाईंचा दात पाहिला. दातावर मसाल्याचा कणही उरला नव्हता. "धरलंच नाय," ते म्हणाले. "ताई, माफ करा. कसूर माझा आहे. मला ओलं दिसलं नाय." मग माझ्याकडं वळून हलकेच म्हणाले, "बेटा, नजर गेली माझी. आता खुर्ची तू सांभाळ."

बाईंसमोर कसं बोलायचं, असं मी मनाशी म्हटलं. त्या गेल्यावरही बोलले नाही. मला खुर्ची हवी होती, हेही खरंच. डॉक्टर बाहेरच्या बाकावर बसू लागले. येणाऱ्याला सांगत, "मॅडमचा हात माझ्यापेक्षा साफ आहे." ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

डॉक्टर वारले त्याच्या आधीच्या ईदला, आज सांगायचंच असं ठरवून मी त्यांच्या घरी गेले. "सर, त्या पैठणच्या बाईंचा दात..." एवढं बोललेही.

"जाऊ दे, बेटा," ते म्हणाले. "वेळेवर थांबलो, अल्लाची मेहरबानी. नाही तर आणखी किती जणांचं बिघडवलं असतं या हातांनी."

त्यांनी शीरखुर्म्याची वाटी पुढे केली. मी ती संपवली आणि आणखी मागून घेतली.