काच कशी फुटली ते खरं सांगा

माझ्या बायकोच्या गाडीची काच मी स्वतःच्या हातानं दगड घालून फोडली, आणि त्या वेळी गाडीची किल्ली माझ्या शर्टाच्या वरच्या खिशात होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्या गृहस्थांविषयी लिहायला बसलो आहे त्यांच्यासमोर हे एवढंसं वाक्य तोंडातून बाहेर पडायला मला अख्खा दिवस लागला. हे गृहस्थ म्हणजे माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पडेगावला, दौलताबादच्या रस्त्यावर, गाड्यांच्या काचा बसवण्याचं त्यांचं दुकान आहे. आणि गिऱ्हाइकाला परत पाठवता यावं म्हणून ज्यानं दुकान उघडलं, असा उभ्या मराठवाड्यात हा एकच दुकानदार असावा.

माणसाच्या तोंडाकडे बघण्याआधी ते त्याच्या गाडीच्या काचांकडे बघतात. लग्नकार्यात सगळे पाहुणे मांडवात पंख्याखालची जागा धरत असताना साडू बाहेर लावलेल्या गाड्यांमधून, हात पाठीमागे बांधून, राउंडला निघालेल्या डॉक्टरासारखे फिरत असतात. माझ्या साखरपुड्याला सासरच्या एकूण एक माणसानं मला न्याहाळलं, साडूंनी फक्त मी जीपमधून उतरताना पाहिलं आणि सासऱ्यांच्या कानाशी लागून म्हणाले, "पोरगं बरं हाय, पण दार लई जोरात आपटतंय." सासऱ्यांनी ते मनावर घेतलं नाही. पुढं घेतलं असेल.

घरी मात्र काचेशी त्यांचं वैर आहे. चहा स्टीलच्या पेल्यात, सरबत स्टीलच्या पेल्यात, देवांच्या आणि पितरांच्या तसबिरी बिनकाचेच्या. डोळ्यांवरचा चष्मासुद्धा प्लास्टिकचा. विचारलं तर म्हणतात, "दिसभर तेच करतो. घरी तरी जीवाला आराम पायजे का नाय?" घरात आरसा एकच आहे, तो ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, माहेराहून आणलेला. साडू त्यात कधी बघत नाहीत, हे त्यांचा भांग पाहिला की सांगावं लागत नाही.

तर रविवारी सकाळी भाजी आणायला म्हणून मी उस्मानपुऱ्यातल्या आमच्या इमारतीखाली उतरलो. गाडीला लॉक, आणि आत सीटवर किल्ली. मोबाइल आत, तोही वाजत होता. हल्ली माझ्यात प्रसंगावधान फार वाढलं आहे. मी हातरुमालात दगड गुंडाळला (रंगाला ओरखडा नको, ही माझी काळजी) आणि तीन तडाख्यांत काच फोडली. पहिले दोन दाराच्या पत्र्यावर बसले. तिसऱ्याला काचेचा साबुदाणा झाला. आत हात घालून किल्ली उचलली, तर ती घरातल्या कपाटाची. मग खिसा चाचपला. खिसा चाचपण्याचं काम दगड उचलण्याआधीही करता येतं, हे मला तेव्हा कळलं.

वर जाऊन मी बायकोला सांगितलं, "अगं, खाली गेलो तर काच फुटलेलीच." गाडी तिच्या पगारातून घेतलेली, दहा वर्षं तिनं जपलेली. ती म्हणाली, "काही गेलं का आतलं?" इथं गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण खोट्यालाही थोडी सजावट लागते. मी म्हणालो, "माझा गॉगल." तो गॉगल मी महिन्याभरापूर्वी गंगापूरच्या एका लग्नात हरवून आलो होतो.

दुपारपर्यंत चोरीची बातमी सगळ्या मजल्यांवर पोचली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी ताबडतोब शोध लावला, की वॉचमन झोपला असणार. हा वॉचमन गंगापूर तालुक्यातला, पन्नाशीचा, जिन्याखालच्या खोलीत बायकोसह राहणारा. सेक्रेटरी मला म्हणाले, "सोमवारी संध्याकाळी त्याला सांगून टाकतो. पहिल्या तारखेला खोली खाली कर म्हणून." मी म्हणालो, "जरा घाई होत नाही का?" ते म्हणाले, "तुमचा स्वभाव फार भिडस्त." मी भिडस्तपणे मान खाली घातली. वॉचमन त्या वेळी नळाला पाइप लावून माझ्याच गाडीभोवतालचे कण धुऊन काढत होता, आणि मी बघतो आहे हे पाहून त्यानं नेहमीसारखा हात कपाळाला लावला.

साडूंना फोन केला. त्यांनी "काय झालं" असं विचारलं नाही.

"कोणती काच?"

"डावीकडची."

"कुणाच्या डावीकडची?"

मी बोनेटसमोर उभा होतो. "माझ्या."

"तुमची नगं, गाडीची सांगा पाव्हणं. गाडीत बसा, त्वांड बोनेटकडं करा, मंग सांगा."

मी आज्ञाधारकपणे दार उघडून बसलो, आणि बसल्या क्षणी उठलो. सीट अजून कुणी झाडली नव्हती. "उजवी!" मी ओरडलो. "उजवी, पुढची!"

"आता कसं. बटनावर जाती का हातानं फिरवायची? पांढरी का हिरवट? गाडी कोण्या सालातली? आरसी बुकात बघा, आठवून सांगू नगा. आन् दुसऱ्या दारातल्या काचेच्या कोपऱ्यात बारीक छापलंय बघा, त्याचा फोटो धाडा. एकाच गाडीला साल बदललं का काच बदलती. लोक येतात आन् म्हणतात, पांढरी गाडी हाय, काच द्या." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. साडू फोनवर निरोप घेत नाहीत. त्यांचं संपलं की संपलं.

सोमवारी सुट्टी टाकून मी निघालो. फुटलेल्या जागी प्लास्टिकचा कागद लावून चारी बाजूंनी खाकी टेप मारली होती. छावणीपर्यंत जाईतो तो कागद कानाशी असा फडफडत होता, की शेजारून जाणारे रिक्षावाले वळून बघत होते. दुकानासमोर गाडी लावली. साडूंनी आधी टेप ओढली. टेपेबरोबर बोटभर रंग निघून आला. "काच यका घंट्यात बसंल," ते रंगाकडे बघत म्हणाले. "तुमची ही कारागिरी भरून निघायला आठवडा लागंल. टेप दाराच्या आतून लावायची आसती. रंगावर नाय."

आणि मग मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. साडूंनी डोळ्यांत कण जाऊ नयेत म्हणून गॉगल लावला होता. माझा गॉगल. चोरीला गेलेला मुद्देमाल माझ्या साडूंच्या नाकावर बसून माझ्याकडे पाहत होता.

"हा तुमचाच हाय बरं का," ते सहज म्हणाले. "गंगापूरला मांडवात इसरला व्हता तुमी. लई कामाला येतोय."

साडूंचं काम बघत बसणं ही मोठी करमणूक आहे, फक्त गाडी आपली नसावी. त्यांनी दाराचं आतलं पॅड उतरवलं. दार हलवलं तर पोटातून पैंजण वाजावेत तसा आवाज आला. "हे बघा. वरवरचं झाडून लोक नवी काच लावून मोकळे. निम्मी काच तर आत पडलेली आसती. नवी काच वर-खाली झाली का तिच्यावर हे कण घासतात. खाली पाणी जायाची भोकं आसतात, ती बुजली का दार आतून सडतं." व्हॅक्यूम लावून, मग बोटानं, मग एका जुन्या ब्रशानं त्यांनी दाराचं पोट साफ केलं. काच वर-खाली करणारी मशीन चालवून पाहिली. रबराची पट्टी बोटांत धरून वाकवली, नाराजीनं मान हलवली, नवी काढली. भिंतीला वर्तमानपत्रात गुंडाळलेली नवी काच टेकवून ठेवलेली होती. मी म्हणालो, "झालं ना मग?"

साडूंनी टेबलाच्या खणातून एक वही काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "लिवा. कशी फुटली ते. तुमच्या हातानं."

ही वही हा साडूंचा खरा धंदा आहे. काचा ते जोडीला बसवतात. कशी फुटली हे लिहून दिल्याशिवाय ते कुणाचीच काच बसवत नाहीत. कितीतरी माणसं चिडून दुसऱ्या दुकानात गेली आहेत. मी वेळ काढायला पानं चाळली. 'उसाच्या ट्रॉलीतून ऊस आत आला.' 'एडक्याला काचेत दुसरा एडका दिसला.' 'सासरे आत बसून होते व उतरत नव्हते.' 'काच बंद आहे हे विसरून थुंकण्याकरिता डोके बाहेर काढले. डोके ठीक आहे.' खाली प्रत्येकाची सही. मी लिहिलं, 'अज्ञात चोरट्याने दगड मारून फोडली. गॉगल लंपास.' आणि लिहिता लिहिताच माझा हात थांबला, कारण गॉगल वाकून ते वाचत होता.

 गाडीच्या सीटखालून साडूंनी माझा हातरुमाल काढला. त्यात दगड होता. पुरावा म्हणून मीच जपून ठेवला होता.

"चोर लई सभ्य दिसतोय," साडू म्हणाले. "रुमाल वापरतोय. आन् दोनदा नेम चुकलाय, पत्र्यावर बघा. चोराला येवढी सवड नसती पाव्हणं."

"दाजी, तुम्ही ताईंना सांगणार का?" मी विचारलं.

"मी कामून सांगू? दुकानातलं दुकानात. पण काच बी लावणार नाय."

"अहो, पण काचेला काय फरक पडतो, कुणी फोडली त्यानं?"

साडूंनी गॉगल काढला. बिनगॉगलचे साडू एकदम म्हातारे दिसतात. "नवं दुकान टाकलं तवा यक जण आला. म्हणला, दगड लागला. मी कायबी न इचारता बसवली. खरं तर त्यानं रागानं दार आपटून फोडली व्हती, आतली मशीन वाकली व्हती. लाजंपायी सांगितलं नाय. दोन दिसांनी चालत्या गाडीत फुटली, पोरीच्या मांडीवर. लागलं नाय तिला काय. पण तो परत आला तवा पोरगी संगं व्हती. दार लागलं का दोन्ही कानांवर हात ठिवायची. तवापासून ही वही." मग त्यांनी रुमालाची घडी घातली, दगड बाजूला ठेवला आणि विचारलं, "तुमच्या खोट्यापायी कुणाचं काय वाईट व्हतंय का? का नुसतीच लाज हाय?"

मी वॉचमनचं सांगितलं. सेक्रेटरी संध्याकाळी त्याला खोली सोडायला सांगणार, तेही सांगितलं. साडूंनी घड्याळाकडे पाहिलं. म्हणाले, "लिवा लवकर."

मी पहिलं वाक्य खोडून नवं लिहिलं, खिशातल्या किल्लीसकट. साडूंनी ते मोठ्यानं वाचलं. हसले नाहीत. माझी अपेक्षा होती, हसतील. त्यांनी काच उचलली, तान्ह्या पोराला पाळण्यात ठेवावं तशी दारात उतरवली, खाली पकडीत धरली, चिकटवली. "उद्या ह्या टाइमापर्यंत काच खाली करायची नाय. सुकू द्या. दार बी हळू." मग दुकानाचं शटर ओढून माझ्या शेजारी येऊन बसले. "चला. गेटावर बी सांगावं लागंल. वहीत लिवून त्याची खोली वाचत नसती."

परतताना ते नव्या काचेकडेच बघत होते. हल्ली कंपनीची पोरं घरी येऊन काच बसवून देतात, मोबाइलवर पत्ता टाकला की झालं. कुणी काही विचारत नाही. साडूंच्या वहीत महिन्याला चार-पाच नोंदीच होतात. "बरं हाय लोकांना," ते म्हणाले. "कुणाला सांगावं लागत नाय."   छावणीपर्यंत मी दार हळू लावायचं मनाशी घोकत राहिलो.

इमारतीशी पोचलो तेव्हा बायको आणि सेक्रेटरी गेटापाशीच उभे होते, समोर वॉचमन. एरवी मी काच खाली करून, गाडीतूनच, दोन शब्द पुटपुटून आत गेलो असतो. पण काच खाली करायची नव्हती. दार उघडून उतरावं लागलं, सगळ्यांसमोर उभं राहावं लागलं आणि किल्लीसकट सगळं सांगावं लागलं. सेक्रेटरी घसा खाकरून मीटर बघायला निघून गेले. बायको माझ्याकडे न बघता वॉचमनला म्हणाली, "माफ करा हो मामा." तिनं माझ्याकडे बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मी वॉचमनला म्हणालो, "मामा, चुकलं माझं. पण तुम्ही गेटावरच होतात ना? सगळं पाहिलं असेल. मग बोलला का नाही?"

"तुमी चोर म्हणला, मी साहेब म्हणलो आसतो," तो म्हणाला. "कुणाचं खरं धरलं आसतं?"

 साडूंनी खाली पाहिलं. वॉचमनलाच बहुधा अवघडल्यासारखं झालं असावं. तो गाडीला वळसा घालून पलीकडे गेला आणि मागच्या दाराला हात लावला. दार अलगद उघडलं.

"ह्याचं लॉक वरीसभर लागत नाय. म्याडमला ठावं हाय, मला ठावं हाय. तेच सांगाया पळत येत व्हतो साहेब, पण तुमाला फोडायचीच लई घाई."