आधी प्रिंटर, मागून ते

पोळ्यानंतरच्या रविवारी माझ्या नवऱ्याने शेगावहून प्रिंटर आणला. मोटरसायकलच्या मागच्या सीटवर खोकं दोरीनं बांधून, आमच्या वरवट बकालपर्यंत गाडी हळूहळू चालवत आणला. गेटातून आत येतायेताच त्यांनी मला हाक मारली. ते कृषी सहायक होते. त्या वर्षी पाऊस थांबायला तयार नव्हता. शेतोशेती पंचनामे चालू होते आणि पंचनाम्याच्या फायलीला मोबाइलवर काढलेले फोटो छापून जोडावे लागत. त्यासाठी रोज स्टँडवरच्या झेरॉक्सच्या दुकानात ताटकळायचं त्यांच्या जिवावर यायचं.

"आता मोबाइलमधून बटन दाबलं का घरी कागद बाहीर," ते म्हणाले. "ना वायर, ना कम्प्युटर."

मी घरीच ब्लाउज शिवते. माझं शिलाई मशीन समोरच्या खोलीत खिडकीजवळ आहे आणि वायफायचा डबाही त्याच खोलीत. प्रिंटर मशीनशेजारच्या टेबलावर ठेवला. घरातली असली सगळी कामं त्यांचीच. मोटरचा स्टार्टर बिघडो, टीव्हीची डिश हलो, त्यांनी कधी कुणाला बोलावलं नाही. वायफायसुद्धा त्यांनीच बसवून घेतलं होतं आणि पासवर्डही त्यांनीच ठेवला होता: मुलीचं लाडाचं नाव आणि पुढे तिचं जन्मसाल.

जेवण झाल्यावर ते मोबाइल घेऊन खाटेवर बसले. कंपनीचं ॲप उतरवलं. प्रिंटरवरचं बटण दाबून धरलं, तसा निळा दिवा लुकलुकायला लागला. मी काजं करत होते.

"पासवर्ड काय हाय वं आपला?" त्यांनी विचारलं.

मला गंमत वाटली. मी सांगितला. त्यांनी तो टाइप केला, थोडा वेळ वाट पाहिली आणि मान हलवली. जोडलं जात नव्हतं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बटण दाबून धरलं, दिवा लुकलुकला.

"पासवर्ड काय हाय वं आपला?"

मी वर पाहिलं. ते मोबाइलकडे बघत होते. चेष्टा नव्हती. मी पुन्हा सांगितला. पुन्हा जोडलं गेलं नाही. त्यांनी ॲप काढून टाकलं, परत उतरवलं, परत बटण दाबलं. आणि परत तोच प्रश्न आला, त्याच शब्दांत, त्याच आवाजात. विसरलेला माणूस दुसऱ्यांदा विचारताना जरा ओशाळतो, निदान 'पुन्हा सांग' तरी म्हणतो. त्यांच्या आवाजात तसं काहीच नव्हतं. जणू ते मला पहिल्यांदाच विचारत होते.

"आत्ताच तं सांगतला ना मी," मी म्हणाले.

"कवा सांगतला?"

माझ्या हातातली सुई तशीच राहिली.

संध्याकाळपर्यंत ते चिडले होते. दुकानदारानं खराब माल दिला, कंपनी चोर आहे, वायफायवाला बदलायला पाहिजे, असं बोलत राहिले. मी खिडकीतून रस्ता बघत बसले. एरवी हा माणूस चिडत नाही. मुलीचं लग्न तोंडावर आलेलं असताना मांडववाला ऐनवेळी फिरला, तेव्हाही चिडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते फिल्डवर गेल्यावर मी पुण्याला मुलीला व्हिडिओ कॉल लावला. मोबाइल प्रिंटरसमोर धरला, मग वायफायच्या डब्यासमोर धरला.

"आई, आपल्या वायफायची दोन नावं दिसतात बघ. बाबांनी नावाच्या शेवटी फाइव्ह जी लिहिलेलं निवडलं असणार. प्रिंटरला ते चालत नाही. दुसरं निवड."

मी माझ्याच मोबाइलवर ते ॲप उतरवलं आणि दुसरं निवडलं. पासवर्ड टाकला. दिवा लुकलुकायचा थांबला आणि निळा स्थिर झाला. मुलीनं चाचणीचा कागद काढायला सांगितला, तोही सरळ निघाला.

"बाबांना कसं नाही जमलं?" ती हसून म्हणाली. "ते तर माझं वायफायसुद्धा फोनवरून नीट करतात."

मी तिला पासवर्डचं सांगितलं नाही. काय सांगायचं तेच मला कळत नव्हतं.

ते घरी आल्यावर मी तो कागद त्यांच्या हातात दिला. आनंद होईल असं वाटलं होतं. त्यांनी कागद बघितला आणि बाजूला ठेवला.

"हाव, कालच जोडला ना म्या," ते म्हणाले, आणि पाय धुवायला न्हाणीकडे गेले.

त्यानंतर प्रिंटर घरातल्या माणसासारखा झाला. त्यांच्या मोबाइलवर मी तो जोडून दिला होता. ते शेतात उभे राहून फोटो काढत आणि तिथेच प्रिंटचं बटण दाबून टाकत. शेतातून कागद निघणार कसा? तो मोबाइलमध्ये अडकून राहायचा. पण घराजवळ आले की मोबाइलला घरचं वायफाय मिळायचं आणि अडकलेले सगळे फोटो एकामागून एक छापून निघायचे. मला ते सवयीचं झालं होतं. आधी प्रिंटर खर्रकन जागा व्हायचा, कागद ओढायचा, आणि मागून गेटासमोर मोटरसायकल थांबल्याचा आवाज यायचा. मी उठून चहा ठेवायची.

पहिले फोटो शेताचेच होते. पाण्यात उभी कपाशी, काळी पडलेली बोंडं, झाडावरच कोंब फुटलेल्या सोयाबीनच्या शेंगा. मग त्यात एक फोटो आला, त्यात पीक नव्हतं. एका फाट्यावरचं लिंबाचं झाड होतं. मग नाल्यावरचा पूल. मग पेट्रोल पंपाची पाटी, मग एका वळणावरचं टिनाचं शेड. मला वाटलं चुकून दाबलं गेलं असेल. पण ते फोटो ते टाकून देत नव्हते. नीट कापून मोटरसायकलच्या टाकीवर जी कव्हरची पिशवी असते तिच्यात ठेवत होते.

"हे कायले लागते?" मी एकदा विचारलं.

"हाफिसात लागते."

हे रस्ते मला माहीत होते. ते सगळे आमच्याच घराकडे येणारे होते. हा माणूस पंचवीसेक वर्षं त्यांवरून रोज जात होता. रात्री जेवताना मी त्यांना उगाच काहीबाही विचारायला लागले, आज कुठल्या शिवारात गेलते, कोण भेटलं. कधी ते सगळं बरोबर सांगत, शेतकऱ्यांच्या पोराबाळांसकट. मग मी स्वतःलाच रागवायची. कधी ते भाकरी मोडत म्हणत, "गेल्तो आपला तिकडं," आणि विषय बदलत.

दिवाळी होऊन गेली. एक दिवस दुपारी मी एका नवरीचं ब्लाउज शिवत होते. प्रिंटर सुरू झाला. मी मशीन थांबवलं आणि गॅसपाशी जायला उठले. कागद हळूहळू बाहेर येत होता. मोटरसायकलचा आवाज आधीच येऊन थांबला असेल, मशीनच्या आवाजात मला ऐकू आला नसेल, असं वाटलं. मी दाराकडे पाहिलं. कुणी आलं नाही.

कागदावर आमचं गेट होतं.

बंद गेट, बाहेरून काढलेलं. गच्चीच्या कठड्यावर माझी साडी वाळत घातलेली. मी कागद हातात धरून उभी होते तेवढ्यात दुसरा कागद निघायला लागला. तोही तोच फोटो. मग तिसरा. प्रिंटर चालू होता म्हणजे त्यांचा मोबाइल घराजवळ होता. आणि घरात तर ते नव्हते. अंगणात नव्हते. मी फोन लावला. तो वाजत राहिला, पण तो वाजल्याचा आवाज मला बाहेरून, गल्लीतून, अगदी बारीक ऐकू येत होता. कुणी उचलत नव्हतं.

मी चप्पल न घालताच बाहेर धावले.

चार घरं सोडून ते उभे होते. मोटरसायकल स्टँडवर लावलेली, हेल्मेट हातात, मोबाइल दुसऱ्या हातात. मोबाइल वाजत होता आणि ते तो कानाला लावत नव्हते. डोळ्यांसमोर धरून ते एकेका घराच्या गेटाकडे बघत होते. आधी स्क्रीनकडे, मग गेटाकडे. समोरचे चक्कीवाले चाचा पिठाच्या हातांनी दारात येऊन उभे होते.

"भाभी," ते हळूच म्हणाले, "साहेब दोन खेपा गल्लीतून गेले. मले वाटलं, कोनाचं घर पाहून राह्यले."

मी जवळ गेले. "अहो," मी म्हणाले, "काऊन उभे राह्यले? घरी चला ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा शांत होता, आणि तो शांतपणा मला आजही आठवतो. परक्या बाईशी बोलताना माणूस जसा जरा सावरून उभा राहतो, तसे ते उभे राहिले.

"हो," ते म्हणाले. "निळ्या गेटचं घर पाहिजे होतं."

आमचं गेट आधी निळं होतं, त्यांच्या फोटोत अजून तसंच होतं. दिवाळीच्या आधी आम्ही ते तपकिरी रंगवलं होतं. ब्रश त्यांच्याच हातात होता, मी डबा धरून उभी होते.

"चला," मी म्हणाले, "मी दाखवते."

ते माझ्या मागे आले. मोटरसायकल चाचांनी ढकलत आणली. गेटाच्या आत पाय टाकला आणि तुळशीपाशी आल्यावर त्यांच्या तोंडावरचं काहीतरी सैल झालं. "चहा ठेव वं," ते म्हणाले, नेहमीसारखे. "लई ऊन हाय आज." चाचांनी माझ्याकडे बघितलं आणि हात झटकत ते चक्कीत परत गेले. संध्याकाळी त्यांनी न सांगता आमचं दळण स्वतः आणून दिलं. कुणाला काही बोलले नाहीत, हे मला नंतर कळलं.

मी त्याच दिवशी मुलीला सगळं सांगितलं, पासवर्डपासून. ती म्हणाली, "मी येतेय."

ती आली आणि आम्ही त्यांना अकोल्याला डॉक्टरकडे नेलं. तपासण्या झाल्या, मेंदूचे फोटो निघाले. डॉक्टर तरुण होते आणि घाई करत नव्हते. त्यांनी विचारलं, "घरून इथपर्यंत कसे आलात?" यांनी वरवट बकालपासून एकेक गाव, कुठे गतिरोधक आणि कुठे खड्डे, सगळं सांगितलं. मुलगी माझ्याकडे बघून हसली. मला पण आशा वाटली. मग डॉक्टरांनी विचारलं, "आज तुमच्यासोबत कोण आलंय?" यांनी आम्हा दोघींकडे पाहिलं आणि म्हणाले, "आमच्या घरचे आहेत." नाव घेतलं नाही. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं नाही.

स्मृती जाण्याचाच आजार आहे, एवढ्या कमी वयात सहसा होत नाही, पण होतो, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्यांनी थोडा सावकाश पुढे जाईल, मागे फिरणार नाही. यांनी सगळं ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर त्यांनी मुलीला उसाचा रस पाजला. ती लहान असताना अकोल्याला आलो की पाजायचे, तसाच.

आता ते रजेवर आहेत. मोटरसायकल चाचांच्या शेडमध्ये ठेवलीय आणि किल्ली माझ्याकडे आहे. सुरुवातीला मागत होते, आता मागत नाहीत. ते मागत नाहीत याचीच मला जास्त भीती वाटते. मुलगी म्हणते पुण्याला चला. ते नाही म्हणतात. इथलं घर त्यांना अजून आतून ओळखीचं आहे. तिथल्या फ्लॅटमध्ये सकाळी डोळे उघडल्यावर काय होईल, याचा मी विचार सुरू करते आणि अर्ध्यात सोडते.

बहुतेक दिवस बरे जातात. ते अंगणातली झाडं बघतात, पेपर वाचतात, कुणी शेतकरी आला तर त्याला फवारणीचं बरोबर सांगतात. मोबाइल मी काढून घेतलेला नाही. मुलगी म्हणाली होती घे, पण माझ्यानं झालं नाही.

मागच्या आठवड्यात मी मशीनवर बसले होते. ते मागे दारात होते, असं मला वाटतं. मी वळून पाहिलं नाही. शेजारी प्रिंटर सुरू झाला. घरात बसून ते आता काही छापत नाहीत, म्हणून मी दचकले. कागद निघाला. फोटोत मी होते. पाठमोरी, मशीनवर वाकलेली, खिडकीच्या उजेडात, अंबाडा जरा सुटलेला. मागोमाग दुसरा निघाला, त्यात मी अंगणात कपडे वाळत घालत होते. तिसऱ्यात समोरून होते. तो कधी काढला मला माहीत नाही.

ते येऊन माझ्या शेजारी उभे राहिले. कागद त्यांनी माझ्या हातातून घेतले, कात्री मागितली आणि कडा सावकाश, सरळ कापायला लागले.

"हे कायले हो?" मी विचारलं.

तिसरा फोटो, समोरचा, त्यांनी उजेडाकडे धरला. मग माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि परत फोटोकडे.

"राहू दे," ते म्हणाले. "लागंन."

फोटो त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवले. मी मशीन पुन्हा सुरू केलं, पण टीप सरळ पडेना. ते तिथेच, माझ्या शेजारी, बराच वेळ उभे होते.