चन्नप्पांनी वाचलेला माफीनामा

युसूफ वडगावच्या चन्नप्पांना निजाम गेल्याचं सुख होतं, पण तो गेला त्या मुहूर्ताचा जन्मभर राग होता. "आणिक सहा महिने थांबला असता तर काय बिघडत होतं का बे त्याचं?" असं ते म्हणायचे, जसं काही सात पिढ्यांचं तख्त म्हणजे पंगतीतून मधेच उठलेला पाहुणा!

झालं होतं असं. घर लिंगायत वाण्याचं, किराण्याचं. पण बापाची हौस, पोरगं मुन्शी झालं पाहिजे. त्या राज्यात कचेरी सगळी उर्दूत, म्हणून पोराला सय्यद मास्तरांच्या हाताखाली घातलं. सतराव्या वर्षी चन्नप्पांचं अक्षर असं वळलं की मास्तर स्वतःचे अर्जही त्यांच्याकडूनच लिहून घ्यायचे. कचेरीत जागा ठरली, नवी टोपी शिवून झाली, आणि अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली. चार-पाच दिवसांत राज्य आटोपलं. रझाकारांचा जाच सुटला म्हणून गावानं गूळ वाटला, तो चन्नप्पांच्याच दुकानातून गेला. त्यानंतर जे झालं ते मात्र त्यांच्या तोंडून लवकर निघत नसे. रझाकारांच्या पापाचा सूड ज्यांनी कधी कुणाच्या झाडाचं पानही तोडलं नव्हतं अशा मुसलमान शेजाऱ्यांवर निघाला. सय्यद मास्तर एका सकाळी बायकोपोरांना घेऊन गाव सोडून गेले, ते कुठं गेले हे अखेरपर्यंत कळलं नाही. बघता बघता कचेरीची भाषा बदलली, आणि आमचे मुन्शीसाहेब गुमान तराजू धरून बसले.

त्यांची उर्दू पंचेचाळीस वर्षं तशीच पडून राहिली. मग नव्वदनंतर सगळंच फिरलं. मांजरसुंब्यापासून इकडं रस्त्याकडेच्या जमिनींवर धाबे उठले, भाऊबंदांना एकाएकी आपापले हिस्से आठवले, आणि घराघरांतल्या पेट्यांतून जुने कागद निघाले. निघाले ते सगळे उर्दूत! वाचणार कोण? अंबाजोगाईचे वकीलसुद्धा पक्षकाराला सांगायचे, "आधी वडगावला जा, चन्नप्पांना दाखव." दुकानात सून वर्षाराणीनं शाम्पूच्या पुड्यांच्या माळा टांगल्या होत्या, कोपऱ्यात पिवळा एसटीडी बूथ बसवला होता. त्या बूथला टेकून सासरेबुवा कागद वाचायला बसायचे. सुनेला वाटायचं गिऱ्हाइकाला अडचण होते. पण बोलायची छाती नव्हती.

त्यांची वाचायची एक रीत होती. आधी गळ्यातल्या लिंगाला हात लावायचा. मग अख्खा कागद चार माणसांदेखत मोठ्यानं वाचायचा, आधी उर्दूत, मग मराठीत. कानात सांगणं नाही, मधलं गाळणं नाही. सख्ख्या मेव्हण्याच्या विरुद्धचा कागदही त्यांनी असाच वाचला, आणि मेव्हणा तेव्हापासून दिवाळीलाही आला नाही. म्हणून चन्नप्पांनी वाचलं की वाद मिटला, एवढा त्यांचा शब्द होता.

अठ्ठ्याण्णव साली निजामाचं राज्य जाऊन पन्नास वर्षं होत होती. गावात दगडी खांब उभा करायचा, त्यावर लढ्यात तुरुंगात गेलेल्यांची नावं कोरायची असं ठरलं. यादीचं काम महांतेश गुरुजींकडं. गुरुजी दुकानातच वही घेऊन बसले होते, तेव्हा जानकीबाई आल्या. हातात तेलकट फडक्याची पुरचुंडी.

जानकीबाईंचे मालक उत्तरेश्वर हे चन्नप्पांचे लंगोटीयार. दोन वर्षांमागं वारले. ते निजामाच्या तुरुंगात होते हे सगळ्यांना माहीत होतं. पण बाकीचे राज्य गेल्यावर सुटले आणि उत्तरेश्वर पाच महिने आधीच घरी आले, हेही माहीत होतं. गावानं त्यातून जे काढायचं ते काढलं. पारावर, लग्नात, भांडणात, कुठंही त्यांना 'माफीवाले' म्हणायचे. उत्तरेश्वरांनी कधी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. चन्नप्पांनीही कधी विचारलं नाही. आणि विचारायचं टाळलं, म्हणजे आतून आपलाही विश्वास नव्हता की काय, ह्या विचारानं ते मित्राच्या मागं फार खजील व्हायचे.

"अप्पा," जानकीबाई म्हणाल्या, "मालकाच्या पेटीतला कागद हाय. सरकारी शिक्का हाय. कुणाला दावू नको म्हणले व्हते. पर आता दगडावर नाव न्हाई लागलं तर नातवंडायलाबी लोक हेच म्हणतेल. वाचा तुमी."

चन्नप्पांनी कागद उलगडला आणि पहिल्याच ओळीवर ते थबकले. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: माफीनामा.

"वहिनी, चष्मा घरात ऱ्हायला. उद्या या."

"कपाळावर हाय की चष्मा!"

गुरुजी हसले. साखर घ्यायला आलेल्या विमलबाई पिशवी धरून तिथंच उभ्या राहिल्या. चन्नप्पांनी चष्मा खाली ओढला आणि आयुष्यात पहिल्यांदा रीत मोडून सगळा कागद आधी मनात वाचला. वाचता वाचता त्यांचा चेहरा उजळला, आणि शेवटच्या ओळीला पोचताच पुन्हा उतरला. अरे उत्तरेश्वरा, हे असं होतं होय? आता मी काय करू रे? वाचलं तर तू जे जन्मभर झाकलंस ते ह्या माउलीसमोर उघडं पडतं. नाही वाचलं तर तू कायमचा माफीवाला!

"अप्पा, वाईट हाय का?" जानकीबाईंचा आवाज बारीक झाला. "असलं तर असू द्या. पर गाळू नगा काही. तुमचं वाचणं मला ठावं हाय."

चन्नप्पांनी लिंगाला हात लावला. उर्दू वाचून झाल्यावर ते मराठीत सांगू लागले.

"हा माफीनामा हाय. पुन्हा चळवळीत जानार न्हाई, सरकारशी इमान ठिवीन, असं लिवलंय." गुरुजींची पेन्सिल थांबली. "पर खाली लिवलंय, आरोपीला तीनदा सांगितलं, मारलंबी, तरी आरोपी सही द्यायला साफ इन्कार करतो."

"मग?" गुरुजी वहीवरून उठलेच. "मग माफी मागितली कुणी?"

"आरोपीनं सही दिली न्हाई, म्हणून त्याच्या घरच्याचा अंगठा घेतला."

"कुणाचा अंगठा?" जानकीबाईंनी विचारलं.

चन्नप्पांना वाटलं, ही जमीन दुभंगून आपल्याला आत घेईल तर बरं. "वहिनी, तुमचा."

आपला उजवा अंगठा जानकीबाईंनी परक्याचा असावा तसा वळवून पाहिला. "त्यो तुरुंगातला मुन्शी म्हणला, भाकरीचं गठुडं आत द्यायचं आसंल तर हितं अंगठा दे. तीन दिस बाहीर बसले व्हते अप्पा, काखंत लेकरू घिऊन. मला काय ठावं त्यात काय लिवलंय? भाकर आत जाईल म्हणून दिला मी अंगठा!"

"तुमचा काहीच दोष न्हाई, वहिनी."

"दोष कावून न्हाई? पन्नास वर्सं लोकायनी ह्या मानसाच्या तोंडावर माफीवाला म्हणलं. मीबी एकदा म्हणलं, अप्पा! भांडणात. रागाच्या भरात म्हणलं. तवाबी ते म्हणले न्हाईत, की बाई, त्यो अंगठा तुझा हाय."

विमलबाईंनी पदर तोंडाला लावला. वर्षाराणी गल्ला सोडून आली आणि सासूला धरावं तसं तिनं जानकीबाईंना धरलं. महांतेश गुरुजींनी वहीत नाव लिहिलं, आणि लिहिताना त्यांनाही दिसेनासं झालं होतं. चन्नप्पांना मित्राचा जितका अभिमान वाटला, तितकीच स्वतःची लाज वाटली. एकदा, फक्त एकदा विचारलं असतं, तर काय गेलं असतं बे आपलं?

"नाव लागंल वहिनी," ते म्हणाले. "सगळ्यात वर लागंल."

पण जानकीबाई ऐकत नव्हत्या. त्या कुठंतरी लांब बघत होत्या. "सुटून आले त्या दिसी मी दारात ओवाळलं त्यायला. गल्लीत साखर वाटली. ते नुसतं माझ्याकडं बघत उभे व्हते. मला वाटलं, लई दिसांनी बघतेत म्हणून बघतेत."

"काही बोलले न्हाईत?" चन्नप्पांनी विचारलं.

"बोलले की. म्हणले, जानके, भूक लागलीय, भाकर टाक. तू दिल्याली भाकर मला पोचलीच न्हाई."