मढच्या मावशीने मोडलेलं व्रत

मढच्या कोळीवाड्यातून मासे विकायला येणारी मावशी गिऱ्हाइकाच्या पिशवीकडे नाही, तोंडाकडे बघायची. पाटी दारात उतरवली की आधी तुम्ही कुठला मासा मागता ते ऐकायची आणि त्यावरून तुमच्या दातांची हालहवाल सांगायची. दुसऱ्या मजल्यावरच्या राणे आजोबांनी आयुष्यभर कुरकुरीत मांदेली काट्यांसकट चावून खाल्ली. एक दिवस त्यांनी नुसते मऊ ओले बोंबील मागितले, तर ही सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशी म्हणाली, "काय वो आजोबा, डावी बाजू गेली का उजवी?" आजोबांनी धाडकन दार लावलं. पण बोंबील घेऊन हं!

आमचं गोरेगावचं घर तिसऱ्या मजल्यावर. बुधवारी, शुक्रवारी, रविवारी ती यायची, अशी पंधरा-सोळा वर्षं. मी तिला मावशी म्हणायचे, पण वयाने आम्ही बरोबरीच्याच. मासा ताजा आहे का, असं विचारलेलं तिला खपायचं नाही. "तुज्यापरीस ताजा हाय," म्हणायची.

आमचे हे गेले, त्याच वर्षी माझे खालचे उरलेले दातही काढावे लागले. मुलाने हौसेने कवळी करून दिली. ती मेली अशी टोचायची की दोन घासांत डोळ्यांत पाणी. मुलगा विचारायचा, "आई, बरी बसली ना?" मी म्हणायचे, "झकास!" आता एकदा झकास म्हटल्यावर मागे कसं फिरायचं? मग मी काय केलं, यांचं वर्षश्राद्ध होईपर्यंत मासे सोडले, असं जाहीर करून टाकलं. पुढे सोमवार धरला, गुरुवार धरला, शनिवारही धरला. मालवणकडची बाई मासे सोडते म्हटल्यावर घर नुसतं गहिवरलं. सून शेजारणींना कौतुकाने सांगायची. आणि मी आपली एकटी बसून चहात बिस्किट बुडवून दिवस काढत होते. बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या, एकदा मोरीत चक्कर येऊन बसले, तरी तोंडातून शब्द नाही.

सगळ्यांनी विश्वास ठेवला, मावशीने नाही. एका बुधवारी तिने पाटी उतरवली आणि मला नीट न्याहाळलं.

"कुनासाठी सोडलं गो मासं?"

"यांच्यासाठी."

"तुजा नवरा सुरमईचा मधला तुकडा तुज्यासाठी वेगला काढायला सांगायचा. तुला अशी सुकलेली बगून त्याला बरा वाटंल?"

तिने ओले हात पदराला पुसले. "उघड तोंड."

आणि मी उघडलं, काय सांगू! पोटच्या मुलाला न दाखवलेलं तोंड मी दारात उभी राहून कोळणीला दाखवलं. कवळी काढल्यावर हिरडीवरची जखम तिला दिसली. ती हसली नाही. "नवी चप्पल चावली तर आपुन चालायचा सोडतो काय गो? परत नेतो, नीट करून घेतो ना?" सून आत भाजी निवडत होती. मी खूण केली, तशी मावशी हळू आवाजात बोलली. आयुष्यात एकदाच बोलली असेल. "शुक्रवारपर्यंत तू सुनेला सांग. नायतर मी सांगीन, आनि माजा आवाज तुला म्हायती हाय."

गुरुवारी संध्याकाळी सांगून टाकलं. सून आधी हसली आणि मग रडायलाच लागली. "आई, मी तुमच्या व्रताला मनातल्या मनात नमस्कार करत होते हो!" दुसऱ्याच दिवशी ती मला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी टोचणारी कड घासली, पुन्हा दोनदा बोलावलं. "इतके महिने थांबलात कशाला आजी?" म्हणाल्या.

जखम भरेपर्यंत माझं जेवण मावशीने ठरवलं. पातळ कालवणातला बोंबील, मऊ भात, नाचणीची पेज, अंडं. "बिस्किट म्हंजे जेवन नाय," हे माझ्यापेक्षा माझ्या सुनेलाच जास्त बजावायची. तिचे स्वतःचे चारच दात उरले होते, बाकीचे मिश्रीने खाल्ले असं ती सांगायची. तू पण कवळी कर की, म्हटलं तर म्हणाली, "माजं चार हायत ना, ते तुज्या बत्तीसला भारी हायत." दोन महिन्यांत मी जिना न थांबता चढायला लागले. तिने पाटीतली मांदेली पुढे केली. "आता ही घे. चावून बग." चावली. बाई गं, काय तो आवाज!

यंदाच्या हिवाळ्यात पाटी घेऊन तिची मुलगी आली. मावशी झोपेतच गेली म्हणाली. मी दारातच बसले. सून पाठीवर हात ठेवून म्हणाली, "आई, आज राहू दे मासे. तुम्हाला जेवण जायचं नाही."

खरंच जाणार नव्हतं. पण तिच्या नावाने उपाशी राहायचं? माझी छाती झाली नाही. मी तिच्या मुलीकडून बोंबील घेतले, स्वतः साफ केले, आमसूल टाकून कालवण केलं. पहिले दोन घास रडत रडत गेले. पुढचे मी नीट चावून खाल्ले आणि पोटभर जेवले.