तलावाच्या बाजूचे दोन खांब

धुळ्याबाहेर तलावाकाठी आमची सोसायटी उभी राहिली तेव्हा घरं नऊ होती आणि नियम एकतीस. त्यांतले सव्वीस मी लिहिले होते. (उरलेले पाच सरकारी छापील आले, तिथे माझा नाइलाज झाला.) सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो, कारण दुसऱ्या कुणाला व्हायचं नव्हतं.

माझा सगळ्यात लाडका नियम सतरावा. तलावाच्या बाजूला दहा फुटांच्या आत, कमिटीच्या लेखी परवानगीशिवाय भिंत, छप्पर, खांब वा तत्सम काहीही उभारू नये. त्यातल्या 'तत्सम'वर मी अख्खा रविवार घालवला होता. धुळ्याच्या उन्हाळ्यात माणूस जगतो तो संध्याकाळच्या वाऱ्यावर, आणि तो तलावावरून थेट माझ्या मागल्या ओट्यावर येत असे. तो कुणी अडवला असता तर मी घर विकून निघून गेलो असतो.

आणि एप्रिलमध्ये शेजारच्या आबांनी नेमके तिथेच दोन खड्डे खणायला घेतले.

आबा साक्रीकडचे शेतकरी. चार मुलग्यांच्या शाळेसाठी त्यांनी इथे घर बांधलं होतं. आबा आणि त्यांच्या पत्नी अक्का, दोघंही साधी माणसं, म्हणूनच मला त्यांचा जास्त संशय आला. लबाड माणूस निदान आधी गोड बोलून परवानगी तरी मागतो! मी कुंपणापाशी जाऊन सहज विचारल्यासारखं विचारलं, तर आबा पहारीवरची नजर न काढता म्हणाले, "काही नही भाऊ, जरासं काम शे."

जरासं काम! दुसऱ्या दिवशी बैलगाडीतून सागाचे दोन खांब आले, माझ्या दीडपट उंचीचे. मी पडद्याआडून पाहिलं. खांब म्हणजे छप्पर, छप्पर म्हणजे गोठा, गोठा म्हणजे म्हशी. रात्रभरात माझ्या डोक्यात सात म्हशी बांधून झाल्या आणि तलावावरचा वारा त्यांच्या अंगावरून माझ्याकडे यायला लागला.

मग घरातच फितुरी दिसू लागली. अक्का दुपारी आमच्या मालतीपाशी येऊन बसत आणि मी आलो की बोलणं बंद. एकदा तर जाताना तिची एक बांगडी मागून घेऊन गेल्या. का, म्हणून विचारलं तर मालतीलाही ठाऊक नव्हतं. मला मात्र तत्काळ उलगडा झाला. माप! सांडपाण्याच्या नळाचं माप! गोठ्याचं पाणी थेट तलावात सोडणार होते, आणि तेही माझ्या बायकोच्या बांगडीच्या मापानं.

मी नोटीस लिहिली. इतकी सुरेख उतरली की मालतीला वाचून दाखवली. ती म्हणाली, "आबांना? अहो, नका देऊ." मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. तिसऱ्या दिवशी मी टेप घेऊन कमिटीला पाहणीला नेलं. अध्यक्ष म्हणजे कापडदुकानवाले शेठजी. त्यांचं दुपारच्या झोपेतून उठून येणं हाच मुळी एक विजय होता. मी गुडघ्यांवर बसून मोजलं आणि जाहीर केलं, "साडेआठ फूट. दीड फुटाचं अतिक्रमण."

आबांनी पहार खाली ठेवली. अक्का मात्र घरात गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात हिरव्या बांगड्यांचा चुडा होता, वर मापाला नेलेली मालतीची ती बांगडी.

"भाऊ," त्या मला म्हणाल्या, "आखाजीले बठ्ठ्या पोरी माहेरले येतस, झोका खेयतस. तुमनी मालती खिडकी लाईसन बसस. आम्हले पोरगी नही, तिले माहेर नही. म्हनीसन झोका बांधी ऱ्हायनूत."

मालतीचे आईवडील यावलला होते. दोन वर्षांत दोघंही गेले, भाऊ कुणी नव्हता. त्यानंतर दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिचं डोकं दुखायचं आणि ती खोलीची खिडकी लावून घ्यायची. मी ते उन्हाच्या खात्यात टाकलं होतं. मी तिला कांदा फोडून हुंगायला दिला होता! सोसायटीतल्या कडुनिंबाची रोपं अजून कमरेएवढी, झोका टांगायला फांदी कुठली, म्हणून ते खांब. मला लाज वाटली. मालती कुंपणापाशी उभी होती. ती रडत होती, आणि माझ्याकडे बघत नव्हती.

शेठजी जांभई आवरून म्हणाले, "बोला सेक्रेटरी, खांब काढायचे?"

"नियमात झोका हा शब्द नाही," मी म्हटलं.

"पण 'तत्सम' आहे ना."

"कुणी लिहिला?"

"तुम्ही."

"चुकून लिहिला," मी म्हणालो आणि तिथल्या तिथे, आबांच्याच ओट्यावर बसून, परवानगी लिहून दिली. शेठजी सही करून परत झोपायला गेले.

आखाजीच्या आदल्या दिवशी आबा डोक्याला फेटा बांधून माहेरी न्यायला आलेला मुराळी म्हणून आमच्या दारात हजर. लेकीला पायी कसं न्यायचं? म्हणून त्यांनी बैलगाडी आणली होती. शेजारच्या घरी जायला मालतीनं सोसायटीला पूर्ण वळसा घातला, आणि वाटेत ती लहान मुलीसारखी हसत होती. तिला तसं हसताना मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

सणाच्या दिवशी मला जावयाचा पाट मिळाला. खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, आणि नोटिशीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. (काढला असता तर घास तरी सहज उतरला असता.) जेवून मी मालतीला म्हटलं, चल. अक्का म्हणाल्या, माहेरी आलेली लेक अशी लगेच जाते होय?

एक दिवस गेला, चार गेले. मी खिचडी करत होतो, दोनदा जाळली. भिंतीपलीकडून झोक्याची करकर आणि हसणं ऐकू यायचं. स्वतः जाऊन मागायला तोंड नव्हतं. शेवटी आठव्या दिवशी मला जे एकच येतं ते मी केलं: पांढऱ्या कागदावर, समास सोडून, अर्ज लिहिला. विषय: पत्नी परत मिळणेबाबत.

संध्याकाळी तो कागद परत आला. खाली आबांचा शेरा होता: 'अर्ज मिळी गया. इचार चालू शे.'